पत्ते घरातले आणि फोनातले
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून कागदावर लिहून आणले आहे, तेच वाचते. विषय मात्र मी स्वतः मागून घेतला. गेल्या कोजागिरीला मंडळात पत्त्यांवरून जो वाद झाला, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. फोनवरच्या जुगाराने घरोघरी एवढा अनर्थ मांडला असता मंडळाने पत्ते घेऊन बसावे हे शोभत नाही, पत्ते कायमचे बंद करावेत, असे काही जणींचे म्हणणे पडले. दोघी-तिघी रुसून घरी गेल्या आणि मसाला दूध निम्मे उरले. त्या रात्री मी काही बोलले नाही. आज बोलते.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही. मंडळातले पत्ते बंद करू नयेत. फोनवर पैसे लावून चालणारे पोकर नि रमी हा आपला पत्त्यांचा खेळच नव्हे. ते दुकान आहे, आणि त्या दुकानाचा धनी कोणत्याच डावात हरत नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कोणी बाहेर पडत नाही. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, दार ओढून घ्यायचे, की सासूबाई कॅट काढायच्या. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू. नवी सून सासूशी बोलणार तरी काय? पण मेंढीकोटात सासूबाई माझ्या भिडू झाल्या. चारही मेंढ्या आमच्याकडे आल्या म्हणजे त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवीत. स्वयंपाकघरात जे सहा महिन्यांत जुळले नसते ते त्या चटईवर पंधरा दिवसांत जुळले. आणि पत्ते म्हणजे काही साहेबांनीच आणलेली चीज, असेही नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर हाताने गंजिफा रंगवतात. ते पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, मिळून 120. या गंजिफांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या पानावर मत्स्य आणि नृसिंह काढलेला असतो त्या खेळाला सरसकट पाप म्हणणे मला तरी जमत नाही.

पण पैशाचा डाव आपल्याकडे नवीन आहे असेही कोणी म्हणू नये. पोळा आला की विदर्भात गावोगाव जुगाराच्या बैठका बसत, अजूनही बसतात, आणि पोलिसांच्या धाडीही त्याच दिवसांत पडतात. माझे माहेर काटोल तालुक्यातले. मी तिसरी-चौथीत असताना आमचे मोठे बाबा पोळ्याच्या रात्री तीन पत्तीला बसले. आधी खताचे पैसे गेले, मग जोडीतला एक बैल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकणारा माणूस आमच्या दारातून बैल सोडून घेऊन गेला. बैलाच्या शिंगांना आदल्या दिवशीचा रंग आणि बेगड तशीच होती. मोठी आई रडली नाही. डोक्यावर पदर घेऊन ती सरळ त्या माणसाच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोच्या चुलीपाशी जाऊन बसली. दुपारपर्यंत उठली नाही. तोवर सारे गाव जमले. चार म्हाताऱ्या माणसांनी मध्ये पडून ठरवले की कापूस निघाल्यावर पैसे द्यायचे आणि बैल आजच परत करायचा. मोठे बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, पण पोळ्याच्या रात्री मोठी आई त्यांना दाराबाहेर सोडत नसे.

हे सांगण्याचे कारण एवढेच की त्या जुगारात हरणाऱ्याला तोंड होते आणि जिंकणाऱ्यालाही तोंड होते. रात्री गेलेला बैल सकाळी सर्वांना दिसला. जिच्या चुलीपाशी जाऊन बसावे अशी एक चूल होती.

आता पोकरविषयी. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी हा शब्द मुलांच्या तोंडून ऐकला असेल. बावन्न पानांचाच कॅट. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, मध्ये सर्वांसाठी पाच पाने हळूहळू उघडतात, त्यांतून ज्याचा संच भारी पडेल तो मधले सारे पैसे घेतो. हातात काही नसतानाही मोठी बोली करून दुसऱ्याला पळवून लावता येते. आपल्या तीन पत्तीचा तो शिकलेला भाऊ म्हणा. यात डोके लागते, हे खरे आहे. माझ्या मुलाने मला हिशेब करून दाखवला. तीन पत्तीत बावन्न पानांतून तीन पानांचे हात 22,100 तऱ्हांनी येऊ शकतात, आणि त्यांत एकसारख्या तीन पानांचे फक्त 52. म्हणजे सव्वाचारशे डावांत एखाद्या वेळी. हे ज्याला ठाऊक तो जपून खेळेल, ज्याला ठाऊक नाही तो तीन एक्क्यांची वाट पाहत बसेल.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हे सारे जाणून होता. त्याच्या संमतीने सांगते, नाव सांगत नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, वय सव्वीस. कॉलेजचे पाच मित्र शनिवारी रात्री जमत, पन्नास-पन्नास रुपये काढून पोकर खेळत. बहीण त्यांना पोहे करून देई. अडीचशे रुपयांची ती उलाढाल. या शनिवारी एकाचे गेले तर पुढच्या शनिवारी त्याचे परत येत, आणि जिंकणाऱ्याला तर्री-पोहे खिलवावे लागत. त्यात मला आजही काही वावगे दिसत नाही. पुढे एका मित्राची बदली पुण्याला झाली. तेव्हा सर्वांनी फोनवर एकत्र खेळायला सुरुवात केली. ओळखीच्या पाचांतून अनोळखी पाचांत हा पोरगा कधी गेला, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. चौदा महिन्यांत तीन लाख ऐंशी हजार रुपये गेले. त्यांतले निम्मे फोनवरच मिळणाऱ्या कर्जाचे होते. आई-बाप एकाच घरात, दोन वेळा एका ताटाशी, आणि चौदा महिने कोणाला पत्ता नाही! वसुलीवाल्यांचा फोन बहिणीला आला, तेव्हा ती गौरीचा फुलोरा तळत होती.

मी त्याला विचारले, “अरे, तू एवढा हुशार, मग हरलास कसा?” तो म्हणाला, “मावशी, मी पुष्कळदा जिंकत होतो. जिंकूनही पैसे कमी होत होते.” हे कोडे मला दोन दिवस सुटले नाही. मग मी त्याला पाटीवर मांडायला लावले. जुगाराच्या अड्ड्यावर धनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. फोनवरही तीच नाल, फक्त तिचे नाव इंग्रजी आहे. समजा सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. सारे सारखेच हुशार. दर डावात तीनशे रुपये मध्ये पडतात आणि धनी शंभराला पाच रुपये काढतो. म्हणजे डावाला पंधरा. घरी बसून खेळताना पाने पिसायची, वाटायची, चहा प्यायचा, यांत तासाला पंधरा-वीस डाव झाले तर खूप. फोनवर मिनिटाला एक डाव सहज होतो. तासाला साठ डाव, नऊशे रुपये नाल. सात तास पुरे होण्याआधीच सहा जणांचे सहा हजार रुपये संपले, आणि सहांतून कोणी जिंकलेले नाही! मित्रांच्या डावात पैसा चटईवरच फिरतो, इथे तो फिरता फिरता चटईखालून निघून जातो.

भाचा मला आधी नेहमी ऐकवायचा, की हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे. आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडून मी ते समजून घेतले. 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, हे खरे. तो निकाल रमीचा होता, पोकरचा नव्हे. त्याच निकालात तीन पत्तीसारख्या खेळांना निव्वळ नशिबाचे म्हटले आहे. आणि पुढचे वाक्य कोणी सांगत नाही: क्लबाचा धनी पैशाच्या डावातून नफा काढीत असेल, तर रमीच्या बाबतीतही गुन्हा सिद्ध होऊ शकतो. बघा, कोर्टालाही शेवटी नालच खटकली.

नागपूरचे उदाहरण तर तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. जुलै 2023 मध्ये आपल्या शहरातल्या एका व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की ऑनलाइन जुगारात त्याचे 58 कोटी रुपये गेले. आरंभी त्याच्या खात्यात आठ लाख रुपये दिसले, थोडे जिंकणेही झाले. पोलिसांनी गोंदियाला छापा घातला तेव्हा चौदा कोटींहून अधिक रोकड आणि किलोंनी सोने सापडले. 58 कोटी आपल्याला मोजताही येणार नाहीत, पण रीत तीच. पहिले काही डाव माणसाला जिंकू देणे.

पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद ठरवले, मग ते डोक्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. राष्ट्रपतींची सही 22 ऑगस्टला झाली. तो नेमका पोळ्याचा दिवस होता! दुसऱ्या दिवशी आपल्या महालात मारबत निघाली, तेव्हा इडा-पिडा घेऊन जा म्हणताना माझ्या बहिणीने हात जोडून आणखी एक गोष्ट मनात म्हटली असेल. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव थांबवले. कायद्याला कोर्टात आव्हानही दिले गेले. परदेशातून चोरून चालणारी दुकाने मात्र या ना त्या नावाने उघडत असतात, म्हणून कायदा झाला, आता आपल्याला काय, असे समजून चालणार नाही.

या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे, ती आयांनी ध्यानात ठेवावी. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पोरगा तुरुंगात जाईल या भीतीने माझी बहीण आठ दिवस कोणाला काही सांगेना. फोनवरून फसवणूक झाली असेल तर 1930 हा नंबर आहे, आणि जितक्या लवकर कळवावे तितके बरे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांना ठणकावून सांगायचा. आणि पोरगा जेवत नाही, झोपत नाही, जिवाचे बरेवाईट बोलतो, तर 14416 वर फुकट सल्ला मिळतो, मराठीतूनही मिळतो. बहिणीने हा नंबर तांदळाच्या डब्यावर चिकटवला होता. पोराने पहिला फोन तिथूनच केला.

घरात ओळखायचे कसे, असे मला पुष्कळ जणी विचारतात. फोन पालथा ठेवणे, न्हाणीघरात नेणे, पगार पाच तारखेला संपणे, हे तर आहेच. पण मी सांगते, मुलगा अवेळी साडी घेऊन आला तरी विचारा. जिंकलेला पैसा घरात दिसतो, हरलेला दिसत नाही. बहिणीला त्या वर्षी दोन पैठण्या आल्या. ती बिचारी सर्वांना दाखवीत फिरली.

द्रौपदीने भर सभेत विचारले होते, की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला. त्या प्रश्नाचे उत्तर भीष्मांनाही देता आले नाही. पण तिने विचारला तरी. आपण घरात विचारतच नाही. मुलगा मोठा झाला, कमावता झाला, त्याला पैशाचे कसे विचारावे, असे म्हणून गप्प बसतो. मी म्हणते, विचारावे. रागावून नव्हे, जेवायला वाढताना विचारावे.

आता मंडळाचे. पत्ते बंद करून फोनातला जुगार बंद होणार नाही. उलट ज्या घरात चार माणसे चटईवर एकत्र बसतात, तिथे कोणाचा चेहरा उतरला हे दुसऱ्याला दिसते. माझी सूचना एवढीच, की भिशीच्या दिवशी आपण रमीला जे दहा-दहा रुपये लावतो ते बंद करावेत. चिंचोके लावावेत. डबाभर चिंचोके माझ्याकडे निवडून, धुऊन ठेवलेले आहेत. चिंचोके हरतानाही काही जणी किती भांडतात ते मी पाहिले आहे, तेव्हा रंगत कमी होईल ही भीती नको.

भाचा दिवाळीला आमच्याकडे आला होता. आम्ही मेंढीकोट मांडला, पण तो बसला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. त्याच्यासाठी चिंचोकेही नकोत, असे त्याला सल्ला देणाऱ्यांनी सांगितले आहे, आणि ते मला पटते. तो बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, मधूनच सासूबाईंना कोणते पान टाका ते डोळ्यांनी सुचवीत होता, आणि त्या त्याला रागावत होत्या. दर महिन्याला सात हजार रुपये तो आईच्या हातात देतो. बहिणीच्या पाटल्या अजून गहाण आहेत. एक सुटली, दुसरी पुढच्या पोळ्यापर्यंत सुटेल असा हिशेब आहे.