म्यूट केलेला दादा

आज जरा माझ्याच एका चुकीबद्दल बोलायचंय. म्हणजे दोन चुका, पण दुसरी नंतर सांगतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही कॉलेजच्या पोरांसाठी एक टेलिग्राम ग्रुप काढला. इंटरव्ह्यूत काय विचारतात, कुठे जागा निघाल्यात, असं सगळं. ॲडमिन मी. सुरुवातीचे सहा महिने भारी गेले. एक सीनियर दादा रात्री अकराला ऑफिसातून आल्यावर एकेकाचा रेझ्युमे वाचायचा. कुठली ओळ काढ, कुठली ठेव, सगळं सांगायचा. मग ग्रुप वाढला. गुड मॉर्निंगची फुलं आली, "सर एनी ओपनिंग?" आलं, एकच प्रश्न आठवड्यात दहादा यायला लागला. मी काहीच काढलं नाही. म्हटलं, आपलीच पोरं आहेत, कशाला कुणाला दुखवायचं!

दादा भांडला नाही, ग्रुपही सोडला नाही. फक्त लिहायचा बंद झाला. मला ते कळलं चार महिन्यांनी, एका मित्राच्या लग्नात. जेवता जेवता म्हणाला, "अरे, म्यूट केलाय मी कधीचा."

आपल्याला वाटतं मॉडरेशन म्हणजे शिव्या काढणं. पण शिव्या लगेच दिसतात, त्या काढणं सोपं. ज्याला उत्तर येतं त्याचा वेळ जपणं, हे खरं काम. आणि तो माणूस गेला तर आवाजसुद्धा होत नाही.

तुमच्यातल्या कोडिंगवाल्यांना स्टॅक ओव्हरफ्लो माहीतच असेल. २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी ते सुरू केलं. तिथे साधं अपव्होट द्यायला १५ पॉइंट लागायचे, आणि दुसऱ्याचा प्रश्न बंद करायला मत द्यायचं तर ३,०००. म्हणजे झाडू त्याच्याच हातात, ज्याने आधी तिथे काम केलंय. प्रश्न आधी येऊन गेला असेल तर 'डुप्लिकेट' म्हणून बंद, आणि वर जुन्या उत्तराची लिंक. नवख्याला हे उद्धट वाटतं. खरं सांगू? कधीकधी असतंही.

मग चॅटजीपीटी आलं. डिसेंबर २०२२ मध्ये, आल्यापासून काही दिवसांतच, तिथल्या मॉडरेटर्सनी त्याची उत्तरं टाकायला बंदी केली. कारण साधं होतं: उत्तर दिसायला छान, बनवायला सोपं, पण बरोबर असण्याचं प्रमाण फार कमी. टाकणाऱ्याचे दहा सेकंद जातात, आणि चूक शोधणाऱ्याचा अर्धा तास. पुढे मे २०२३ च्या शेवटी कंपनीने अशी उत्तरं काढण्यावरच मर्यादा आणल्या, तर जूनमध्ये बरेच मॉडरेटर संपावर गेले. बिनपगारी माणसं, आणि संप! तो मिटला ऑगस्टमध्ये.

तर हे सगळं वाचून मी पेटलो. ग्रुपवर नियम पिन केले, फुलं डिलीट, रिपीट प्रश्न डिलीट. ग्रुप एकदम स्वच्छ. आणि इथे दुसरी चूक झाली.

एका ज्युनियरने अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असा लांबलचक मेसेज टाकला. मी वरच्या दोन ओळी वाचल्या, काढून टाकला आणि लिहिलं, "आधी सर्च करा." पाच मिनिटांत तो ग्रुपमधून बाहेर. रात्री डिलीट केलेल्या मेसेजची यादी बघताना पूर्ण वाचलं. पोरगा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. कंपन्या बारावीचे मार्क मागतात, फॉर्ममध्ये तिथे काय भरायचं, हे विचारत होता. असा प्रश्न ग्रुपवर आधी कुणी विचारलाच नव्हता. मी सॉरी म्हणून मेसेज केला. दोन टिक आल्या. उत्तर नाही.

आता काही काढायचं तर आधी पूर्ण वाचतो, आणि त्या माणसाला का काढलं ते पर्सनलवर दोन ओळींत सांगतो. वेळ जातो, पण ठीक आहे.

दादालाही परत विचारलं. म्हणाला, "रविवारी एक तास बसतो, पण प्रश्न तू चाळून दे." त्यामुळे शनिवारी रात्री मी चाळणी घेऊन बसलेला असतो. या रविवारच्या यादीत पहिला प्रश्न डिप्लोमावाल्याचा आहे, माझ्या नावाने टाकलाय.

चला, भेटू पुढच्या भागात.