शेंगा तोडायला जाण्यापूर्वी

(भुईमुगाच्या शेतावरील सहलीच्या आदल्या सायंकाळी हूटगळ्ळी येथे केलेले भाषण)



शेंगदाणा झाडाच्या फांदीला लटकतो, अशी समजूत असलेली काही बालके या सभेत आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांविषयी मी मौन पाळतो. फूल वर उमलते, त्यातून सुटलेली आरी जमिनीत शिरते आणि शेंग अंधारात पोसते. हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, म्हणून उद्याचा हा खटाटोप.

परंतु ते शेतकऱ्याचे पीक आहे, आपल्या वनभोजनाची जागा नव्हे. त्याने दाखविलेल्या ओळीतलीच झाडे उपटावीत. माती घट्ट असल्यास खुरप्याने सैल करावी. ओढाताण केली की शेंगा भुईतच राहतात आणि नुकसान त्याचे होते. घरी न्यावयाच्या शेंगा तोलून घ्याव्यात व पैसे द्यावेत.

डोक्यास टोपी, पायांत बूट, सोबत पाणी असावे. पिशवी गोणपाटाची आणावी, प्लॅस्टिकची नको. ओल्या शेंगा कोंडल्या की त्यांना बुरशी धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. दाणे भाजूनही ते पुरते नाहीसे होत नाही. तेव्हा कितीही थकवा असो, घरी पोहोचताच शेंगा पसरून ठेवाव्यात. तान्ह्या मुलांच्या हाती मात्र अख्खा दाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

येथे शेंगेला 'कडलेकाई' म्हणतात. एवढा एक शब्द तरी पाठ करून यावे. बस सकाळी सहाला निघेल.