फ्लॉपीत अडकलेलं मराठी

साडेतीन इंची फ्लॉपी ज्यांच्या घरात, कार्यालयात किंवा छापखान्यात अजून पडून आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे. असे लोक थोडेथोडके नाहीत. १९९० नंतर पुण्या-मुंबईत आणि मग तालुक्याच्या गावीही डीटीपीची दुकानं निघाली. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध संगणकावर जुळू लागले आणि काम संपलं की गिऱ्हाईक प्रिंटआउटबरोबर फ्लॉपीही घरी नेई. त्यातलं जे छापून झालं, ते कुठल्यातरी ग्रंथालयात सापडेल. पण जे टाइप झालं आणि छापायचं राहून गेलं, म्हणजे अर्धवट कादंबरी, नाटकाचा पहिला खर्डा, गावच्या देवस्थानाचा इतिहास, आजोबांनी सांगून उतरवून घेतलेल्या आठवणी, त्याची एकुलती एक प्रत त्या फ्लॉपीतच असण्याचा संभव फार आहे. ती आज काढून घेता येते. दहा वर्षांनी येईलच, याची खात्री मी देणार नाही.

फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीतली एक पातळ, लवचिक चकती. तिच्यावर लोहचुंबकीय भुकटीचा लेप असतो. सोनी कंपनीनं ही साडेतीन इंची फ्लॉपी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि १९८७ पासून तिचा १.४४ एमबीचा प्रकार सर्वत्र रुळला. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खण आणि प्रत्येक खणात ५१२ बाइट. गुणाकार केला तर १४,७४,५६० बाइट होतात. आजचा मोबाइलवरचा एक फोटोही तिच्यात मावणार नाही. साधा मजकूर असेल तर मात्र तीनशे पानांची कादंबरी सहज मावते. म्हणून तिला कमी लेखू नका. १९९८ साली ॲपलनं फ्लॉपीची फट नसलेला आयमॅक आणला, २०११ मध्ये खुद्द सोनीनं फ्लॉपीची विक्री थांबवली आणि नव्या संगणकांवरून ती फट दिसेनाशी झाली.

तिची जागा आता बाहेरून जोडायचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेतो. साधारण तळहाताएवढी चपटी डबी, मागे केबल. वेगळी वीजजोडणी लागत नाही, संगणकाच्या यूएसबीतूनच तो वीज घेतो. त्यामुळे तो थेट संगणकाला जोडावा, एका खाचेच्या चार खाचा करणाऱ्या हबला लावू नये. तिथे वीज कमी पडली की मोटर धडपडते आणि दोष मात्र बिचाऱ्या फ्लॉपीवर येतो. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांतही तो जोडला की बहुतेकदा 'ए' नावाचा ड्राइव्ह दिसू लागतो.

पण थांबा, फ्लॉपी लगेच आत सरकवू नका. आधी ती हातात घेऊन नीट पाहा. पत्र्याचं सरकतं झाकण नखानं बाजूला करा, आतली तपकिरी-काळी चकती दिसेल. फ्लॉपी उजेडात तिरपी धरा आणि मागचा धातूचा गोल बोटानं हळूहळू फिरवत चकतीचा सगळा घेर बघून घ्या. चकतीला बोट लावायचं नाही. पृष्ठभाग काळ्या काचेसारखा एकसारखा चमकला तर उत्तम. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार-चार महिने हवा दमट असते, तिथल्या फ्लॉप्यांवर पुष्कळदा पांढरे ठिपके, जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. फ्लॉपी वाचणारं हेड चकतीला प्रत्यक्ष टेकलेलं असतं आणि चकती मिनिटाला ३०० फेरे घेते. बुरशी हेडवर चिकटते, हेड चकतीचा लेप खरवडतं आणि त्याच घाणीनं पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही बाद होतात. एका खराब फ्लॉपीपायी गठ्ठाच्या गठ्ठा गेलेला पाहणं फार वाईट. बुरशीच्या फ्लॉप्या वेगळ्या पिशवीत ठेवा. डबी उघडून चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येते, पण तो हात बसलेल्या माणसाचा उद्योग आहे. घरात पहिलाच प्रयोग महत्त्वाच्या फ्लॉपीवर करू नये.

दुसरी गोष्ट, कोपऱ्यातला छोटा खटका. तो सरकवला की चौकोनी भोक उघडं पडतं. भोक उघडं म्हणजे फ्लॉपीवर आता काही लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल. आपल्याला हेच हवं आहे. समोरच्या कोपऱ्यात बिनखटक्याचं आणखी एक भोक असेल तर ती १.४४ एमबीची, नसेल तर ७२० केबीची. बहुतेक यूएसबी ड्राइव्ह या दोन्ही वाचतात.

आता फ्लॉपी आत घाला. खट्ट आवाज येईल, मग मोटरची घरघर. आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. फायलींची यादी दिसली की एकेक फाइल उघडून बघायला लागतात. तसं करू नका, आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे इमेज, काढून घ्या. विंडोजवर विनइमेजसारखं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर डीडी आणि डीडीरेस्क्यू आहेत. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत सगळं एका फाइलमध्ये उतरतं. फ्लॉपी धड असेल तर मिनिट-दोन मिनिटांचं काम. तीस वर्षांच्या चकतीवर हेड किती वेळा घासू द्यायचं, याला मर्यादा आहे. एकदा प्रतिमा हाती आली की पुढची सगळी खटपट तिच्यावर करता येते, फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा पुरी उतरली असेल तर फाइलचा आकार बरोबर १४,७४,५६० बाइट भरतो. लेबलाचा फोटोही काढा आणि प्रतिमेला तेच नाव द्या. 'दि. अंक ९६, कथा विभाग' हे पेनानं लिहिलेले चार शब्द पुढे फार कामाला येतात.

कधी कधी संगणक विचारतो, ही डिस्क फॉर्मॅट करायची का? उत्तर नेहमी 'नाही'. फ्लॉपी रिकामी आहे असा या प्रश्नाचा अर्थ होत नाही. विंडोजला तिची मांडणी कळली नाही, इतकंच. काही प्रकाशनसंस्थांत त्या काळी मॅकिंटॉश वापरात होते. मॅकवर भरलेली १.४४ ची फ्लॉपी विंडोजला अनोळखी वाटते, पण यूएसबी ड्राइव्ह तिची प्रतिमा काढू शकतो आणि मॅकची जुनी मांडणी जाणणारी सॉफ्टवेअर त्यातून फायली सोडवतात. मॅकच्या त्याहून जुन्या, ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्यांपुढे मात्र यूएसबी ड्राइव्ह हात टेकतो, कारण त्या लिहिताना चकतीचा वेग मार्गांच्या गटागणिक बदलत असे. सव्वापाच इंची मऊ फ्लॉप्यांसाठी तर यूएसबीचा तयार ड्राइव्हच मिळत नाही. या दोन्हींसाठी जुना ड्राइव्ह मिळवून तो ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडतात. हा बोर्ड चकतीवरचे चुंबकीय बदलच थेट टिपून घेतो.

मधले काही खण वाचताच आले नाहीत, असंही होतं. प्रत्येक खणाबरोबर एक पडताळा-आकडा लिहिलेला असतो. तो जुळला नाही की ड्राइव्ह पुन्हा वाचून पाहतो, तरी नाही जुळला तर सोडून देतो. डीडीरेस्क्यूची खुबी इथे कळते. कुठले खण मिळाले आणि कुठले राहिले, याची नोंद तो ठेवतो. मग तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची, डीडीरेस्क्यू फक्त राहिलेल्या खणांच्या मागे लागतो आणि भोकं बुजवत जातो. म्हणून एखादी फ्लॉपी अडली तर ओळखीपाळखीत दुसरा ड्राइव्ह शोधा. दोन ड्राइव्हांच्या हेडची बैठक किंचित वेगळी असते आणि एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. साध्या मजकुरातला एक खण गेला तर जास्तीत जास्त ५१२ अक्षरं जातात. झिप किंवा एआरजेनं आवळून पाच फ्लॉप्यांत तोडून ठेवलेली मोठी फाइल असेल, तर एका फ्लॉपीतला एक खणही तिला अडवू शकतो. असे संच सुटे करू नका.

इतकं सगळं जमलं, फाइल संगणकावर आली, हौसेनं उघडली आणि पडद्यावर मराठीचा मागमूस नाही! रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या, मध्येच पौंडाचं चिन्ह. इथे पुष्कळ जण म्हणतात, 'फाइल करप्ट झाली', आणि ती फेकून देतात. श्रोतेहो, ती फाइल करप्ट नाही. तुमचं लिखाण त्यात अक्षर न् अक्षर शाबूत आहे.

त्या काळी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचं एकच सामाईक मानक, आपल्या संगणकांवर पोचलेलं नव्हतं. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. त्याआधी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअर होती. रोमन अक्षरांच्या जागी ती आपली मराठी चिन्हं बसवत. कुठे अर्धा 'स', कुठे काना, कुठे रफार, आणि प्रत्येकाचा क्रम निराळा. मूळ फॉन्ट संगणकावर टाकला आणि मजकुराला लावला की ती रोमन गिचमीड क्षणात मराठी होते. म्हणून फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात 'फॉन्ट' असं लिहिलेली एखादी फ्लॉपी दिसली, तर सगळ्यांत आधी तिची प्रतिमा काढा.

फॉन्ट लावून वाचता येतं, पण कायमसाठी मजकूर युनिकोडमध्येच आणायला हवा. त्यासाठी परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, मिळतात. मात्र तुमचा मजकूर कुठल्या फॉन्टचा आहे, हे त्याला अचूक सांगावं लागतं. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर लिहिलेला मजकूर इस्की या भारतीय मानकात असतो. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असल्यानं तो सरळ बदलतो. फॉन्टवाल्या मजकुरात चिन्हं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं असतात. 'किती' मधली ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती 'क'नंतर यायला हवी. 'कार्य' मधला रफार 'य'नंतर, युनिकोडला तो 'य'च्या आधी हवा. परिवर्तक ही उलटापालट करतो, पण जोडाक्षरांवर ऱ्हस्व वेलांटी आली की अडखळतो. 'स्थिती', 'शक्तिमान', 'मूर्तिकार' असे शब्द हटकून बिघडतात.

म्हणून बदललेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करायलाच हवं. एका खिडकीत मूळ फॉन्टमधलं पान, शेजारी युनिकोडचं पान, आणि नजर पहिली वेलांटीवर, मग रफारावर, मग जोडाक्षरांवर. मूळ लेखक हयात असतील तर त्यांनाच शेजारी बसवावं. स्वतःचं वाक्य कुठे बिघडलं, हे त्यांच्याइतकं लवकर कुणाला दिसत नाही. शोधलेला मजकूर, मूळ फाइल, फॉन्ट आणि फ्लॉपीची प्रतिमा असं चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. सुरुवात लेबल नसलेल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीपासून करा, म्हणजे हात बसेल.