ज्याचा निरोप त्याच्या शब्दांत



आमच्याकडे निकाहाच्या वेळी वकील दोन साक्षीदारांना घेऊन वधूकडे जातो. तिची संमती विचारतो आणि तिचा शब्द काजीसाहेबांपुढे येऊन सांगतो. या वकिलाला काळा कोट लागत नाही. निरोपात आपलं मत मिसळायचं नाही, एवढंच त्याचं काम.

हे आठवायचं कारण माझा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं अडखळतं, हात थरथरतात; समज मात्र तुमच्या-माझ्यासारखीच. तरी कुठल्याही कार्यालयात गेलो, की टेबलामागचे साहेब माझ्याकडे बघून विचारतात, "यांचं नाव काय?" आणि मी सांगून मोकळा होतो. आयुष्यभर मी त्याच्या वतीनं बोलत आलो. प्रेमानंच बोललो, पण त्याला न विचारता बोललो.

अम्मी गेल्यावर गावातलं घर विकायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. त्यानं माझ्याकडे शहरात यायचं, हेही ठरलं. कागदावर त्याचा अंगठा घ्यायचा तेवढा राहिला होता. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी सहज विचारलं, "त्याला विचारलंत का?"

बाई दोन दुपारी त्याच्याजवळ बसल्या. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबल्या, मधे शब्द पुरवला नाही. मग त्याच्या देखत त्याचा निरोप आम्हाला सांगितला: "मला इथंच राहायचंय. इथल्या लोकांना माझं बोलणं कळतं." मी मान खाली घातली. घर विकून मलाही वाटा मिळणार होता. बाईंना काहीच मिळणार नव्हतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं तेरावं कलम मी नंतर वाचलं. मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार आपण पाहण्याचा दिव्यांगांचा हक्क त्यात आहे. केवळ रक्ताचं नातं आहे म्हणून कायदा कुणावर संशय घेत नाही. पण मदतनीसाचं स्वतःचं हित त्या व्यवहाराच्या आड येत असेल, तर त्यानं त्यापुरतं बाजूला व्हावं, असं तो सांगतो.

कोर्टकचेरीची वेळ आली, तर दिव्यांगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. पण बँकेत, दवाखान्यात, घरच्या बैठकीत कोण? इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनं अशा गरजूंसाठी, त्यांची बाजू मांडणारं योग्य माणूस जवळ नसेल तर, स्वतंत्र पाठीराखा देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. आपल्याकडे आज हे काम शेजारधर्मावर चाललं आहे. त्याला व्यवस्थेची जोड हवी.

घर आम्ही विकलं नाही. हल्ली भावाबरोबर कार्यालयात गेलो, की मी एक पाऊल मागे उभा राहतो. साहेबांनी मला त्याचं नाव विचारलं, तर मी भावाकडे बघतो. त्याला वेळ लागतो. लागू द्यावा.