पाणवठ्यावरची बाई चित्र काढते तेव्हा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

‘बायका आणि निसर्गचित्र’ हा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणींच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला दिसला. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी एवढं सगळं समोर असताना चित्रं कसली काढायची? प्रश्न रास्त आहे. मलाही तो पडला होता. मी चित्रकार नाही. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून मुळशी तालुक्यातल्या धरणकाठच्या गावांत बचतगटांचं आणि कायद्याच्या माहितीचं काम करते. चित्र काढणं हा माझा सुट्टीच्या दिवशीचा छंद. त्या छंदातून मला जे शिकायला मिळालं, तेवढंच सांगणार आहे.

पहिली गोष्ट शिकले ती ही, की बाईला नुसतं उभं राहून बघायची मुभा नसते. धरणाच्या काठावर मी रंग मांडून बसले की येणारा-जाणारा विचारायचा, “कुणाबरोबर आलात?” हातात हंडा असता, डोक्यावर भारा असता, तर कुणी विचारलं नसतं. बाई कामासाठी बाहेर दिसली तर चालते. डोंगराकडे बघत बसलेली बाई मात्र खपत नाही.

दुसरी गोष्ट एका मावशींनी शिकवली. गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. माझ्या मागे थांबल्या, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, “हिरवा चुकला, ताई. हा लावणीच्या आधीचा हिरवा. लावणी होऊन आता पंधरवडा झाला.” मी खाचरांकडे पुन्हा बघितलं. त्यांचं बरोबर होतं. तरव्यातल्या रोपांचा हिरवा पिवळट आणि दाट असतो. लावणीनंतर रोपांमधून पाणी दिसतं, त्यात आभाळाचा करडा मिसळतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मावशींना ते कमरेच्या दुखण्यासकट ठाऊक होतं.

त्यानंतर बचतगटाच्या बैठकीला जोडून महिन्यातून एकदा आम्ही चित्रं काढायला लागलो. नऊ जणी होतो. एकच ठरवलं. प्रत्येकीने एक जागा निवडायची आणि वर्षभर तीच काढायची.

रंग अॅक्रिलिकचे घेतले, त्यालाही कारण आहे. हे पाण्यात कालवायचे रंग १९५०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. तैलरंगाला टर्पेंटाइन लागतं आणि चित्र वाळायला दिवसच्या दिवस जातात. जलरंगाला सफाई लागते, चुकलं की झाकता येत नाही. अॅक्रिलिक लवकर वाळतो आणि वाळला की पाण्याने सुटत नाही. चुकलं तर त्याच्यावरच पुन्हा रंगवता येतं. ज्या बाईला सलग अर्धा तासही स्वतःचा मिळत नाही, तिच्या सोयीचा हा रंग आहे. दूध उतू जातंय म्हणून उठावं लागलं, तरी काढलेलं बिघडत नाही. मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला. त्याला भिंतीच्या पांढऱ्या रंगाचा हात दिला. पांढरा, निळा, लिंबासारखा पिवळा, लाल आणि विटकरी, एवढ्या पाच नळ्यांत सगळ्यांचं भागलं. फक्त ब्रश लगेच धुवायचा आणि रंगाचं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, कारण हा रंग म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच आहे.

आता ऋतूंचं सांगते. आषाढात पडवीतूनच काढावं लागे. हवा इतकी ओली असायची की लवकर वाळणारा रंगही रेंगाळायचा. श्रावण-भाद्रपदात उतारावर सोनकी पिवळी झाली आणि तेरडा फुलला. पुण्या-मुंबईचे लोक फोटो काढायला येतात ते याच दिवसांत. आमच्या बायकांनी फुलं काढली, पण आधी बेणणीला वाकलेल्या पाठी काढल्या. कार्तिकात कापणी आणि झोडणी. फाल्गुनात पळस आणि काटेसावर. वैशाखात ताटलीतला रंग मान वळवेपर्यंत सुकायचा, म्हणून कागदाखाली ओलं फडकं ठेवायला शिकलो.

त्याच महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि काठाची करडी माती उघडी पडते. हे धरण मुंबईच्या विजेसाठी टाटांनी बांधलं आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पर्यटकाला तिथे तलाव दिसतो. आमच्या एकीने भर पाण्यात बांध काढले. मी म्हटलं, “इथे तर पाणी आहे.” ती म्हणाली, “पाण्याखाली काय आहे ते आजेसासूने सांगितलंय ना!”

वर्षाची चित्रं ओळीने मांडल्यावर लक्षात आलं, की ही नुसती निसर्गचित्रं नाहीत, कामाची नोंद आहे. सातबारा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते लिहितात, नमुना बारामध्ये पीक कोणतं ते. त्या पिकासाठी कोण वाकलं, हे दोन्हीकडे नसतं. ते या पुठ्ठ्यांवर होतं.

बायकांना दृष्टी नसते, असं नाही. बघायला लागणारा वेळ, जागा आणि शिक्षण त्यांना नाकारलं गेलं. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, असा प्रश्न लिंडा नॉक्लिन या कला-इतिहासकार बाईंनी १९७१ साली विचारला आणि त्याचं उत्तर बायकांच्या गुणांत न शोधता संस्थांत आणि रिवाजांत शोधलं. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रकार रोझा बोनर जनावरांच्या अभ्यासासाठी घोडेबाजारात आणि खाटिकखान्यात जायची. तिथे वावरायला सोयीचे म्हणून पुरुषी कपडे घालायचे, तर तिला पॅरिसच्या पोलिसांचा परवाना घ्यावा लागला. फार लांब जायला नको. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर सवाशिणी काढत आल्या. १९७०नंतर ही चित्रं कागदावर आली, बाजारात गेली आणि नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. जिव्या सोमा म्हसे यांची कला मोठीच होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण चौक काढणाऱ्या त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपण सांगू शकतो का?

आमच्या गावातही विरोध झाला. “रंगाने पोट भरतं का?” हे तर रोजचंच. एका सासूबाईंनी नळ्या लपवून ठेवल्या. ‘बैठकीला चाललेय’ असं सांगून बायका निघत आणि चित्र काढत. हे लपवणं मला टोचायचं, पण त्यांना नैतिकता शिकवण्याचा अधिकार मला नव्हता. मी पगारी, शहरातून येणारी. माझा रविवार माझा होता. त्यांना रविवार नव्हताच.

आता जी गोष्ट सांगायला मी खरी उभी आहे, ती सांगते. आमच्यातली एक जण नेहमी पलीकडचा काठ काढायची. बारा महिने तेच. मोहाचं एक झाड, त्याच्याखाली दोन खाचरं. मला वाटायचं, तिला लांबचं दृश्य आवडतं. दिवाळीनंतर ती दोन बैठकांना आली नाही. तिसऱ्या वेळी आली तेव्हा कळलं, की पलीकडे तिचं माहेर. भाऊबीजेला साडी मिळाली आणि आठवड्याभरात भावांनी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. जमीन बंगल्यांसाठी विकायची होती.

मैत्रिणींनो, त्या गावात कायद्याचं शिबिर मी स्वतः घेतलं होतं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क आहे, महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलला, २००५ साली वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, हे सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं. तरी सही झाली. आणि वर्षभर ती माझ्यासमोर ती जमीन काढत होती, तरी “हे कुणाचं शेत?” असं मी एकदाही विचारलं नव्हतं. मी रंगाबद्दल बोलत राहिले.

ती म्हणाली, “ताई, सही करताना मला कुणी शेत दाखवलं नाही. कागद दाखवला. शेत समोर असतं तर हात उचलला नसता.”

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. चित्र झालं की प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या: ही जागा कुणाच्या नावावर आहे, इथे कष्ट कुणाचे आणि तुझा इथे काय संबंध. मग गटाने मिळून सातबारा काढून बघायचा. पुढे शाळेच्या व्हरांड्यात चित्रं लावली. पुरुष आले आणि लगेच ओळखायला लागले, “हे अमक्याचं खाचर, ते तमक्याचं.” मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “त्याचं कागदावर. लावणी तीस वर्षं माझी.” कुणी हसलं नाही.

दुसऱ्या एकीचे भाऊ कागद घेऊन आले तेव्हा तिने सांगितलं, “आधी शेतावर चला, मग बोलू.” अजून तिने सही केलेली नाही. राखीचं बोलावणं मात्र बंद झालं. त्याचं दुःख तिला आहे आणि ते आपण हलकं समजू नये. हक्क सांगणाऱ्या बाईचं माहेर तुटतं, तेव्हा तिला माहेर कोण देणार, याचं उत्तर संघटनेलाच द्यावं लागेल.

म्हणून माझं मागणं छोटंसं आहे. गटात रंग आणा. विकायला नको, स्पर्धेलाही नको. बाईला वर्षभर एका जागेकडे बघू द्या. आणि तिच्या शेजारी बसून, मी जे उशिरा विचारलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा. बाई, हे शेत कुणाचं?