तारेची सहनशक्ती

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सप्रयोग दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गतवर्षी याच वास्तूच्या भोजनगृहात घडलेला प्रसंग आपणापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. पंगतीची घाई होती. प्रत्येकी १००० वॉटच्या दोन विजेच्या शेगड्या एकाच बारीक जोडतारेवर लावल्या गेल्या होत्या, आणि कोणाच्या पायात येऊ नये म्हणून उरलेल्या तारेचे वेटोळे सतरंजीखाली सारलेले होते. थोड्याच वेळात जळका वास सुटला. सतरंजी उचलून पाहतो तो वेष्टन वितळून वेटोळे एकजीव झालेले! ईश्वरकृपेने कोणास इजा झाली नाही. ते वेटोळे आम्हीच आमच्या हातांनी सारले होते. म्हणून आजचे हे व्याख्यानही आम्हीच मागून घेतले.

त्या दिवशी सर्वांच्या मुखी एकच प्रश्न होता. भिंतीवरील १६ अँपिअरची एमसीबी आपोआप का पडली नाही? तिचे उत्तर आज प्रयोगानेच पाहू.

मेजावर जे यंत्र ठेवले आहे त्यास कारागीर ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन ते अल्प दाबाची वीज देते, आणि तारेतून किती अँपिअर प्रवाह जावा हे त्याच्या खुंटीने ठरविता येते. ठरविलेल्या मर्यादेपलीकडे ते प्रवाह जाऊ देत नाही. म्हणूनच अशी परीक्षा या यंत्रावरच करावी. घरच्या प्लगवर ती कदापि करू नये.

ही तार अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची, दोन मीटर लांबीची. तारेच्या दोन्ही टोकांशी स्वतंत्र मीटर लावला आहे. प्रथम ५ अँपिअर प्रवाह सोडू. मीटर ०.४ व्होल्ट दाखवितो. म्हणजे तारेत २ वॉट उष्णता उत्पन्न होत आहे. आता प्रवाह दुप्पट, म्हणजे १० अँपिअर करू. मीटर ०.८ व्होल्ट दाखवितो, आणि उष्णता झाली ८ वॉट! प्रवाह दुप्पट, पण उष्णता चौपट. मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथे एका मद्यनिर्मात्याच्या घरी १८१८ साली जन्मलेल्या जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी हा नियम १८४१ साली प्रसिद्ध केला. दाब एक व्होल्टही नसताना तार तापते, हेही ध्यानी घ्यावे. तारेला तापवितो तो तिच्यातून वाहणारा प्रवाह.

आता मीटरकडे पुन्हा पाहा. प्रवाह तोच असूनही आकडा हळूहळू चढून ०.८८ वर स्थिरावला. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. येथे १० टक्के वाढ झाली, म्हणजे तार सुमारे २५ अंशांनी तापली. हाताला कोमट लागते, इतकेच. तीच तार गुंडाळून या जाड कापडात ठेवू. आकडा ०.९६ वर गेला! वाढ २० टक्के, म्हणजे तार ५० अंशांनी तापली. खोलीचे २८ अंश मिळविले तर ७८ झाले. आणि साधे पीव्हीसीचे वेष्टन सामान्यतः ७० अंशांपर्यंतच निर्धास्त मानतात. येथेच आपण यंत्र बंद करू.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर उघड आहे. एक शेगडी सुमारे ४.३ अँपिअर घेते, दोन मिळून ८.७. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह मुळीच जास्त वाटला नाही. ती भिंतीतील जाड तारेची राखण करते. तिला पुढे जोडलेली बारीक तार किती सोसते, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. ते आपणच पाहावयास हवे.

यास्तव आमची नम्र विनंती अशी की, शेगडी, गिझर वा इस्त्री यांसाठी बारीक जोडतार वापरू नये. तार वापरताना वेटोळे पूर्ण उलगडावे. ती सतरंजीखाली वा गादीखाली नेऊ नये. प्लग सैल असेल तर तो तेथेच तापतो, म्हणून तो त्वरित बदलावा. आणि जुन्या घरांतून जेथे अद्याप फ्यूज आहेत, तेथे ते वारंवार जातात म्हणून कोणी जाड तार घालू नये. फ्यूज जातो तो घर वाचविण्यासाठीच.

ती वितळलेली तार आम्ही आजवर जपून ठेवली आहे. व्याख्यान संपल्यावर मुलांनी ती अवश्य हाती घेऊन पाहावी, आणि घरी जाऊन आपल्या आईवडिलांसह प्रत्येक जोडतार एकदा तपासावी.