पत्रीच्या पानावरचा पाहुणा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सांवेर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर खतावणी लिहिली, निवृत्त झालो आणि परसातल्या झाडांना पाणी घालू लागलो. मग या विषयावर बोलायचा मला काय अधिकार? एकच. मी एक चूक केली आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून नात आली होती. आमच्या लिंबाच्या रोपावर तिला पक्ष्याच्या शिटेसारखे काहीतरी दिसले, आणि ते हलले. तिने पाच मोजले. रोज सकाळी उठून आधी लिंबाकडे जायची. मला मात्र खाल्लेली पाने दिसत होती. आपल्या माळव्यात ‘इल्ली’ म्हटले की सोयाबीन आठवते आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. मीही तेच केले. दुसऱ्या दिवशी पाचही अळ्या आळ्यात पडलेल्या होत्या. नात रडली नाही. तिने फक्त विचारले, “आजोबा, ही कुणाची बाळं होती?” मला उत्तर येत नव्हते. सत्तर वर्षे लिंबू पिळून खाल्ले, पण त्या झाडावर कोण राहते हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी विद्यार्थी झालो.

उत्तर असे होते : ती लिंबू फुलपाखराची बाळे होती. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले हे फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिले आहे. मादी लिंबू, संत्रे, बेल, कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे ठेवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर मानेतून लालसर-केशरी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिचा सगळा दरारा तेवढाच, ती चावत नाही. पुढे कोष करते, आणि पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू निघते.

आता मुद्द्याची गोष्ट. फुलपाखरू ओळखायला आपण पंख पाहतो. अळी ओळखायची तर आधी झाड पाहावे. फुलपाखरू मध कोणत्याही फुलाचा पिईल, पण त्याच्या अळीला ठरावीक झाडाचेच पान लागते. आई ते झाड शोधते कसे? नजरेने, वासाने, आणि शेवटी पायांनी. पानावर उतरून ती पाय आपटते, कारण चव ओळखणारी इंद्रिये तिच्या पायांतच असतात. पटले तर अंडे, नाही तर पुढचे झाड. सून आणताना आपण एवढी पारख करत नाही!

ही गोष्ट माणसाने हळूहळू जाणली. जर्मनीत जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन या बाईंनी 1679 साली सुरवंटांवर पुस्तक काढले. अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचे खाद्य असलेले झाड, सगळे एकाच चित्रात त्यांनी मांडले. आपल्याकडचे उदाहरण कारवारचे. मुंबई इलाख्यातल्या त्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन अधिकारी एकत्र आले : कलेक्टर डेव्हिडसन, जंगल खात्याचे बेल आणि मीठ-जकात खात्याचे एटकेन. यातले एटकेन जन्माने साताऱ्याचे, आणि 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. या तिघांनी अळ्या घरी पाळल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते ते लिहून ठेवले आणि सोसायटीच्या नियतकालिकात छापले. आज आपण कोणतेही पुस्तक उघडले आणि ‘खाद्यवनस्पती’ असा रकाना दिसला, तर त्यामागे अशी कचेरी सांभाळून केलेली मेहनत आहे. नोकरदार माणसालाही हे जमते, हे मला त्यातून समजले.

आता बाप्पाकडे येतो. आपण त्याला एकवीस पत्री वाहतो. मी मागच्या वर्षी ती यादी घेऊन बसलो आणि चकित झालो, कारण त्यातली कितीतरी पाने कुणाचे तरी घर आहेत.

रुई घ्या, जिला इथे आकडा म्हणतात. पानाची मागची बाजू पाहा. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली तर ती प्लेन टायगरची, मराठीत बिबळ्या कडवा. कडवा हे नाव अगदी योग्य. रुईचा चीक विषारी. पुष्कळदा ही अळी आधी शिरेला चावा घेऊन चीक ओसरू देते, मग पान खाते, आणि ते विष अंगात साठवते. म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. भडक रंग ही त्याची पाटी आहे : ‘मी कडू आहे.’

याची गंमत पुढे आहे. छोटा चांदवा नावाचे दुसरे फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे चांद. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी! ती कडू नाही, पण सोंग कडूचे, म्हणून पक्षी फसतात. आणि तिची अळी कशावर वाढते? घोळीच्या भाजीवर. आपण अंगणातून उपटून फेकतो ती.

बेलाचे सांगितलेच. कण्हेरीवर कॉमन क्रो, म्हणजे हबशी. त्याच्या अळीला तंतूंच्या चार जोड्या असतात, तेव्हा मोजा : तीन असतील तर कडवा, चार असतील तर हबशी. त्याचा कोष तर आरशासारखा चकचकीत. कडवा आणि हबशी, दोघांचे कोष खाली डोके करून लटकतात. सांवेरकरांना याचे नवल वाटू नये, आपल्या गावचे हनुमानजीही उलटेच आहेत. उलट लिंबू फुलपाखराचा कोष डोके वर करून, कमरेला रेशमी धागा बांधून टेकलेला असतो.

बोरीवर पांढऱ्या पंखांचे, काळ्या ठिपक्यांचे इवलेसे कॉमन पिअरो. हादग्यावर पिवळे कॉमन ग्रास यलो, हेच टाकळ्यावरही. डाळिंबाची अळी मात्र पानावर नाही, फळाच्या आत शिरते. बागवाल्यांना ती चांगली ठाऊक आहे, पण ती फुलपाखराची आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

पत्रीबाहेरही घराजवळ पाहा. एरंडावर कॉमन कॅस्टर. सीताफळावर आणि फाटकाजवळच्या उंच अशोकावर हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे. बहाव्यावर फिकट पिवळे एमिग्रंट. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरन. त्याची अळी पिसांसारखे काटे पसरून मधल्या शिरेवर अशी पडून राहते की हात लावेपर्यंत दिसत नाही. आणि त्याच आंब्यावरचे बांडगूळ, ज्याला आपण फक्त शिव्या देतो, त्यावर हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू वाढते. आपल्या बायकांनीच बारसे केले असावे, इतके ते नाव शोभते.

शेतकरी बंधू म्हणतील, तुम्हाला परसात बसून बोलायला काय जाते? खरे आहे. सोयाबीनवरची इल्ली नुकसान करते, तिचा बंदोबस्त हवाच. पण ती बहुतेक पतंगांची असते. ओळखायची एक सोपी खूण सांगतो : पाय मोजा. फुलपाखराच्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय आणि मागे मांसल पायांच्या पाच जोड्या. सोयाबीनवर पाठ उंचावून कमान करत चालणारी जी उंट अळी, तिला मांसल पाय कमी, म्हणूनच ती तशी चालते. पाच जोड्या काही पतंगांच्या अळ्यांनाही असतात, तेव्हा पुन्हा झाडाकडे वळावे. दाट केसांचा सुरवंट दिसला तर हात लावू नका, नुसते पाहा.

आणि लिंबाचे रोप अगदी लहान असेल तर? अळ्या सगळे पान संपवू शकतात, हे मान्य. तर त्या डहाळीसकट उचलून मोठ्या लिंबावर किंवा बेलावर ठेवा. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याचे कळतही नाही. पंप लागत नाही, दोन मिनिटे लागतात. मला ती दोन मिनिटे सुचली नाहीत.

महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. मान पंखांना मिळाला. पण लिंबाचे पान नसेल तर पंख येणार कुठून?

आता मंडळापुढे एक विनंती. या मांडवामागच्या मोकळ्या जागेची सफाई दसऱ्याआधी करायचे ठरले आहे. आपले इंदूर 2017 पासून कित्येक वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले, त्याचा मलाही अभिमान आहे. प्लास्टिक उचला, काचा उचला, मी स्वतः टोपली घेऊन येतो. पण त्या कोपऱ्यात रुईची सात झुडपे आहेत, खाली टाकळा आणि घोळ आहे. काल संध्याकाळी मी त्या रुईवर अकरा अळ्या आणि दोन कोष मोजले. तो कोपरा कचरा नाही, ती बालवाडी आहे. चार हात जागा सोडावी, एवढेच मागतो. नाही सोडली तर पुढच्या वर्षी पत्रीसाठी रुई विकत आणावी लागेल, हा व्यवहारही लक्षात घ्या.

दुसरी विनंती घरोघरी. पत्री तोडताना पान उलटून पाहा. मागे कुणी असेल तर शेजारचे पान घ्या. बाप्पाला एकवीस पाने हवीत. त्यात कुणाचे घर असलेच पाहिजे असा त्याचा आग्रह नसावा.

यंदा आषाढात आमच्या लिंबावर पुन्हा तीन अळ्या आल्या. पंप मी देऊन टाकला आहे. एक अळी कुणीतरी खाल्ली, बहुधा पक्ष्याने. तोही त्याचा हक्क. दोन कोषांत गेल्या. एके सकाळी नातीला फोनवर दाखवत असतानाच एक कोष फुटला. पंख ओले, चुरगळलेले. ते सुकेपर्यंत आम्ही दोघे गप्प होतो. मग ते उडाले आणि तिने विचारले, “आजोबा, हे कुणाचं बाळ?”

या वेळी मला उत्तर येत होते.

सभेनंतर ज्यांना यायचे असेल त्यांनी मागच्या कोपऱ्यात यावे. बॅटरी माझ्याकडे आहे. मुलांनी पुढे राहावे, मोठ्यांनी पाय जपून टाकावेत.

गणपती बाप्पा मोरया!